मास्तरांनी बेतलेला डबा

मास्तरांच्या घरातला कॉम्प्युटर सुरू झाला की खालच्या मजल्यावर दुपारची डुलकी घेणाऱ्या निवृत्त बस ड्रायव्हरांना आपली गाडी घाटाला लागली असं वाटायचं, आणि झोपेतच त्यांचा डावा हात गिअर बदलायचा. त्यात एकदा त्यांच्या बायकोचा चष्मा फुटला. समोरच्या इमारतीतली एक बाई तो आवाज ऐकून पाण्याची मोटर बंद करायला धावायची आणि मोटर आधीच बंद असल्यामुळे ती चालू करून परत यायची. गल्लीला आठवड्यातून एकदा पूर येई, त्याचं खरं कारण हे होतं. नगरपालिकेला अजून कळलेलं नाही.

मास्तर म्हणजे शिंपी. कोट आणि पँटी. मागच्या खोलीत त्यांचं कापायचं टेबल, मशीन आणि चिंध्यांचा डोंगर. पुढची खोली बायकोची, आणि बायको गाणं शिकवायची. सगळ्या गल्लीत त्यांना गाणंवाल्या बाई म्हणत. त्यांच्याकडे शिकणाऱ्या बायकांचा सूर म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा, हलायचं नाव नाही. बाई अभिमानाने सांगायच्या, "माझ्या बायकांना झोपेतून उठवा, जांभईसुद्धा सुरात देतील." आणि त्या देतही असत.

ही शिकवणी चाले ती कॉम्प्युटरच्या शेजारी. लांब राहणाऱ्या शिष्या पडद्यावरून गात, जवळच्या समोर बसून. गाणी ध्वनिमुद्रित व्हायची तीही त्याच कॉम्प्युटरवर. आवाजाची बाईंना सवय झाली होती, नवऱ्याच्या घोरण्याची होते तशी. तक्रार वेगळीच होती. तो डबा आतून तापायचा, आणि तापला की गाणं ऐन रंगात असताना टप्पकन मान टाकायचा. मागच्या आठवड्यात तर तान वर गेली आणि खाली यायच्या आत पडदा काळा झाला. ती शिष्या बिचारी तान घेऊन वरच अडकली. तिच्या नवऱ्याने म्हणे पाठीवर थोपटून उतरवली.

आणि आता बायकांच्या गानवृंदाचं नाव स्पर्धेत घातलं होतं. रविवारी संध्याकाळपर्यंत गाणं मुद्रित करून पाठवायचं होतं.

"मी भाऊजींना सांगते," बाई म्हणाल्या.

भाऊजी म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीचा नवरा, अर्थात मास्तरांचा साडू. साडू हे मोठं नामी नातं आहे. त्याला आपण निवडलेलं नसतं, पण आपली तुलना जन्मभर त्याच्याशीच होते. या साडूचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, काचेचा दरवाजा होता, आणि दात असे पांढरे होते की अंधारात त्यांच्या उजेडात कुलूप उघडता यावं.

"काही गरज नाही," मास्तर म्हणाले. "मी बघतो."

हे ऐकून बाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. 'मी बघतो' या दोन शब्दांचा इतिहास घरात जागोजागी उभा होता. दारावरची घंटा होती, जी फ्रिज उघडला की वाजायची. पंखा होता, जो फक्त डावीकडे वारा घालायचा. इस्त्रीबद्दल घरात कोणी बोलत नसे.

"बघा," बाई म्हणाल्या. "पण शेवटचं. रविवारी डबा मध्येच बंद पडला, तर भाऊजी नवीन मशीन आणून ठेवतील. आणि तुमची ती हत्यारांची पेटी जाताना घेऊन जातील. त्यांना दुकानात उपयोगी पडेल."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या पेटीत होतं तरी काय? एक ड्रिल, करवतीची दोन पाती, कानस, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर. पण ज्याचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या मापात गेलं, कोणाच्या पोटासाठी सैल आणि कोणाच्या हट्टासाठी घट्ट करण्यात गेलं, त्या माणसाची स्वतःच्या मर्जीने वेडंवाकडं करायची ती एवढीच जागा होती. आणि ती साडूच्या दुकानात, काचेच्या दरवाज्याआड, त्या दातांसमोर पडून राहणार? मास्तर त्या दिवशी भूक नाही म्हणाले, आणि ताट मात्र चाटून पुसून स्वच्छ केलं.

शनिवारी सकाळी चहा झाल्याबरोबर त्यांनी गळ्यात टेप अडकवली आणि कॉम्प्युटरच्या डब्यासमोर उकिडवे बसले. उंची घेतली. छाती घेतली. पाठीवरून हात फिरवला. मग निदान केलं.

"काखेत आवळलंय."

"काय?"

"याचा गळा बंद, काख आवळलेली, पाठीला चीर नाही. आत जीव घामाघूम होतोय. ज्याने कोणी हा शिवला त्याने याला कधी घालून बघितलेलं नाही." त्यांनी कानाच्या मागचा खडू काढला. "बाजूच्या पत्र्याला मोठं भोक पाडायचं. त्यात मोठा पंखा बसवायचा. आतला तो चिमुरडा पंखा जिवाच्या आकांताने ओरडतो ना, तो गप्प होईल."

पंखे त्यांनी एका दुरुस्तीवाल्याच्या भंगारातून आणले होते, चांगले बशीएवढे, संथ फिरणारे. आता मास्तरांना उगीच नावं ठेवू नका. वायर काढून ठेवायची, पत्रा सोडवून मागच्या खोलीत न्यायचा, म्हणजे लोखंडाचा कीस कॉम्प्युटरच्या पोटात पडत नाही, एवढी अक्कल त्यांना होती. त्यांनी टेबलावर जुनी चादर अंथरली. कॉम्प्युटरचा तापणारा भाग डाव्या कडेपासून किती, वरून किती, हे टेपने नीट मोजलं. मग पत्रा टेबलावर ठेवला आणि चहाच्या पातेल्याचं झाकण ठेवून खडूने गोल आखला.

पत्रा ठेवताना त्यांनी तो उलटा ठेवला. आतली बाजू वर.

दुसरा कोणी असं करता ना. पण मास्तरांनी उभ्या हयातीत कापडाच्या सुलट बाजूला खडू लावला नव्हता. खूण आतून करायची, बाहेरून दिसता कामा नये, हे त्यांच्या बोटांत इतकं मुरलेलं होतं की डोक्याला विचारायची पद्धतच नव्हती. डावी कड उजवीकडे गेली, उजवी डावीकडे आली, आणि मास्तर शीळ घालत राहिले.

शिवाय त्यांनी माया सोडली. शिलाईसाठी कापड थोडं जास्त ठेवतात, तशी. पत्र्याला कोण शिवणार होतं, देव जाणे. पण भोक त्यामुळे बोटभर लहान आखलं गेलं.

ड्रिल सुरू झालं. गोलावर भोकाला लागून भोक, धावदोरा घालावा तसं. खालचे ड्रायव्हर झोपेतून उठून वर आले आणि म्हणाले, "घाट संपला का?" मग मास्तरांनी करवतीच्या पात्याला एका टोकाला चिंधी गुंडाळली आणि भोकं एकमेकांना जोडत गेले. गोल तुकडा खाली पडला तेव्हा असा खणखणीत वाजला की बाई पुढच्या खोलीतून म्हणाल्या, "घंटा दुरुस्त झाली का हो?"

पंखा बसवायला गेले तर भोक लहान. सोडलेली सगळी माया कानशीने उतरवावी लागली. हाताला फोड आले, मिशीत कीस साठला, मास्तर शिंकले तर ठिणगी पडेल अशी अवस्था. पण शेवटी काठ गुळगुळीत झाला. त्यावर त्यांनी रेक्झिनचा काळा गोट लावला, रबरी वॉशर घालून बटणं लावावीत तसा पंखा चार स्क्रूंनी बसवला. काम असं देखणं झालं की ते स्वतःच दोन पावलं मागे सरून पाहत राहिले.

मग पत्रा डब्याला लावला. पंखा जिथे आला तिथे आत काहीच नव्हतं. एक रिकामा खण. तापणारा भाग पार पलीकडच्या टोकाला, बंद पत्र्याआड, पहिल्यासारखाच कोंडलेला.

मागच्या खोलीत एकदम शांतता झाली. बाईंचा संसार जुना होता. या शांततेचा अर्थ त्यांना कळत होता.

"काय झालं हो?"

"काही नाही. खिसा दुसऱ्या बाजूला लागला."

आणि नेमका तेव्हा साडू दारात उभा. 'सहज' आला होता. सहज येणारा माणूस वेळ साधून येतो. त्याने डबा बघितला, पंखा बघितला, मास्तरांची मिशी बघितली, आणि सगळे दात बाहेर काढले.

"मास्तर, पंखा कोणाला वारा घालतोय?"

"सीपीयूला."

"सीपीयू तिकडे आहे. आणि या डब्याला सीपीयू म्हणत नाहीत हो, कॅबिनेट म्हणतात. सीपीयू आत असतो."

"सगळं जग सीपीयू म्हणतं."

"सगळ्या जगाचं दुकान नाही ना." साडूने खुर्ची ओढली. "ताई, चहा टाक. आज करमणूक आहे."

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खरं बोलावं तर पेटी आजच जाणार. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते त्यांनी स्वतःही त्याच क्षणी पहिल्यांदा ऐकलं.

"हे भोक मुद्दाम इथे आहे, साडूभाऊ. हवा पुढून आत आली पाहिजे. मागून जायला दुसरं भोक पाडायचंच आहे. कोटाला पाठीमागे चीर कशासाठी देतात? शोभेला?"

साडू हसला, चहा नाकात गेला, ठसका लागला, तरी हसत राहिला. "पाडा, पाडा. चाळण करा. उद्या मी नवीन मशीन घेऊनच येतो. पेटी बांधून ठेवा."

आता थाप मारलीच होती, तर तिला जागणं भाग होतं. मास्तरांनी पत्रा पुन्हा टेबलावर नेला. या वेळी सुलटा ठेवला, मनाविरुद्ध, उघड्यावर कपडे बदलल्यासारखं वाटलं तरी. माया सोडली नाही. दुसरं भोक पाडलं, गोट लावला, दुसरा पंखा बसवला, एकाचं तोंड आत, दुसऱ्याचं बाहेर. संध्याकाळी डबा दोन डोळे वटारून बघणाऱ्या घुबडासारखा दिसत होता.

रविवारी दुपारी बायका जमल्या. सगळ्यांत पुढे दातांची डॉक्टरीण, तिच्या मागे बँकेतली उंच बाई, मग जुळ्या बहिणी आणि बाकीच्या. साडूही आला, काखेत नव्या मशीनचं खोकं आणि हातात पेटीसाठी दोरी. दोरीसुद्धा नवीन होती.

मास्तरांनी बटण दाबलं.

काही झालं नाही.

म्हणजे पडदा उजळला, दिवा लागला, सगळं नीट सुरू झालं. पण आवाज नाही. बाईंनी डब्याला कान लावला. साडूने हात लावला. डबा सकाळच्या फरशीसारखा थंड. एका भोकातून वारा आत जात होता, दुसऱ्यातून बाहेर येत होता, आणि आतला चिमुरडा पंखा सुट्टीवर गेल्यासारखा अंग टाकून फिरत होता. खालचे ड्रायव्हर धावत वर आले आणि टोपी काढून हळू आवाजात म्हणाले, "कोण गेलं?"

साडूची दोरी लोंबायला लागली. मास्तरांनी मिशीला पीळ द्यायला हात वर नेला.

"चला, सुरू करू," बाई म्हणाल्या. "हं!"

बायकांनी गायला तोंड उघडलं.

काय सांगावं! दातांच्या डॉक्टरिणीने एक सूर धरला, बँकेतलीने तिच्या खालचा, आणि जुळ्या बहिणी, ज्यांनी आयुष्यात कधी वेगळ्या रंगाची टिकलीसुद्धा लावली नाही, त्या दोन दिशांना निघून गेल्या. समोरच्या खिडकीतल्या मांजराने उठून दुसऱ्या खिडकीत बिऱ्हाड हलवलं. बाईंनी हात वर केला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच, किंबहुना थोडं जास्त.

"मशीनचा दोष आहे, ताई," साडू म्हणाला आणि चपळाईने आपलं नवीन मशीन जोडलं. ते तर इतकं मुकं होतं की चालू आहे का बंद, हे त्यालाही नीट सांगता येईना. बायका गायल्या. या वेळी ड्रायव्हर टोपी न घालताच खाली गेले.

मग दातांची डॉक्टरीण घसा खाकरून म्हणाली, "बाई, राग मानू नका. पण आपला तो सूर कुठे आहे?"

"कुठला सूर?"

"तो हो. घूंऽऽऽ. मी तर त्याच्यावरच टेकते."

"मीपण," बँकेतली म्हणाली.

"आम्हीपण," जुळ्या एकदम म्हणाल्या, आणि त्या दुपारी त्यांचं एवढंच एका सुरात झालं.

बाईंच्या चेहऱ्याचा रंग उतरला. इतक्या वर्षांची ती भिंतीतल्या खिळ्याची कीर्ती, त्या सुरेल जांभया, सगळं त्या तापलेल्या डब्यातल्या चिमुरड्या पंख्याचं होतं. गल्लीतली सगळ्यांत नावाजलेली शिकवणी एक पत्र्याचं खोकं चालवत होतं, आणि बाई फक्त हात हलवत होत्या.

त्यांनी मास्तरांना दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"तुम्ही माझा सूर कापून टाकलात."

"अगं, तूच म्हणालीस..."

"मी काय म्हणाले ते मला सांगू नका. मला आवाज परत पाहिजे."

"भोकं बुजवली की येईल. पण डबा तापेल आणि बंद पडेल."

"बंद न पडता पाहिजे."

मास्तरांनी सुस्कारा सोडला. गिऱ्हाइकं सगळी सारखीच. कोट अंगाला चापून बसला पाहिजे, पण आवळता कामा नये. फरक एवढाच, की हे गिऱ्हाईक रडवेलं झालं होतं, आणि ते त्यांनी लग्नाच्या दिवशीही बघितलं नव्हतं.

"साडूला बोलावू का?" त्यांनी विचारलं. त्यांना तेवढं विचारणं भागच होतं.

"अहो, त्यांना सूर आणि शिंक यातला फरक कळत नाही. पेटी आणा तुमची."

मास्तर पेटी घेऊन बाहेर आले, आणि चालीत जरा डौलच होता. कोटाच्या कॉलरमध्ये घालतात त्या जाड कॅनव्हासचा एक गोल त्यांनी कापला आणि मागच्या भोकावर झडपेसारखा एका टाक्याने अडकवला. झडप झाकली की आत हवा कमी, आत हवा कमी की उष्मा जास्त, उष्मा जास्त की चिमुरडा पंखा जोरात. कापड घेता घेता सूर चढणार, सोडता सोडता उतरणार. ते गुडघ्यांवर बसले, तोंडात टाचण्या धरल्या आणि बायकोकडे बघितलं.

"गा."

बाईंनी सूर लावला. खरं सांगायचं तर तोही केसभर हललेला होता, पण ते बोलायची कोणाची छाती होती?

"घट्ट करू?"

"थोडं."

घूंऽऽ.

"अजून?"

"पाव बोट. नाही, फार झालं. सोडा."

"दम घे, त्याला बसायला वेळ लागतो. खांद्यावर कसं वाटतंय?"

"वरून जरा बोचतंय."

"घेतो." मास्तरांनी झडप दोऱ्याएवढी सरकवली. चिमुरड्या पंख्याने आळस झटकला, घसा साफ केला, आणि खोलीत तो आवाज आला. जुना, ओळखीचा, घाट चढणारा. बायकांचे खांदे एकदम सैल झाले. खालून ड्रायव्हरांचा गिअर पडल्याचा आवाज आला. दातांच्या डॉक्टरिणीला जांभई आली आणि ती तंतोतंत सुरात होती.

"हलू नका!" बाई ओरडल्या. "तिथेच!"

पण झडप तिथे राहीना. वाऱ्याने ती फडफडे, जरा उघडली की सूर खाली घसरे, मिटली की डबा तापून मान टाकायच्या बेतात येई. आणखी टाके घालायला वेळ नव्हता, संध्याकाळ होत आली होती. कोणीतरी ती बोटाने नेमकी तेवढीच धरून ठेवायला हवी होती. मास्तरांना कान देऊन खुणा करायच्या होत्या, बाईंना हात हलवायचे होते, बायकांना गायचं होतं. रिकामा एकच माणूस होता.

"भाऊजी," बाई म्हणाल्या, "बसा खाली."

"मी?"

"अंगठा ठेवा इथे. दाबू नका. सोडू नका."

"ताई, माझं दुकान आहे. काचेचा..."

"श्वास हळू घ्या, वारा लागतो."

साडू गुडघ्यावर बसला. कडक इस्त्रीची पँट, मास्तरांनीच शिवलेली, गुडघ्यात कुरकुरली. त्याने अंगठा टेकवला. मास्तर त्याच्या डोक्यावर उभे राहून बोटाने खुणा करत होते, जरा वर, जरा खाली, आणि मधूनच, काही कारण नसताना, पुन्हा वर. बायका गायल्या. एकीने सूर सोडला नाही. मध्ये एक क्षण असा आला की मास्तरांच्या मिशीत उरलेला कीस साडूच्या नाकात गेला. त्याचे डोळे भरून आले, नाकपुड्या फुगल्या, सगळे दात एकमेकांवर रुतले, पण अंगठा हलला नाही. त्या दिवसापुरता तो माणूस मोठा होता, हे मान्य केलंच पाहिजे.

गाणं संपलं. मास्तरांनी बटण दाबून ते पाठवून दिलं. मग साडू शिंकला, आणि त्याचं नवीन मशीन टेबलावरून खाली पडलं.

बाईंनीच हत्यारांची पेटी उचलली, पदराने पुसली आणि पुढच्या खोलीत, कॉम्प्युटरशेजारी ठेवली.

आठवड्याने स्पर्धेच्या संयोजकांचा फोन आला. त्या दिवशी मेहुणी आणि साडू जेवायलाच होते. बाईंनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"गाणं छान आहे," संयोजक म्हणाले. "पण परीक्षक थक्क झालेत ते साथीवर. असा अखंड, न हलणारा सूर त्यांनी ऐकलेला नाही. साथ कोणाची आहे?"

बाईंनी एकदा डब्याकडे बघितलं, मग ताटावर मान घालून बसलेल्या मास्तरांकडे.

"आमच्या ह्यांची," त्या म्हणाल्या.

मास्तरांच्या घशात घास अडकला. मेहुणीने पाणी पुढे केलं.

"वा! आणि वाद्य कोणतं?"

"त्यांनी स्वतः बेतलंय. घरी. कोणी हात लावलेला त्यांना चालत नाही."

"मग अंतिम फेरीला त्यांना रंगमंचावर आणा. वाद्यासकट. लोकांना बघू दे."

फोन बंद झाला. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि डब्याला प्रवासासाठी कोट शिवावा लागेल, म्हणून जेवणावरून उठून माप घ्यायला लागले.

साडूने आपल्या अंगठ्याकडे बघितलं. मग ताईकडे. मग अगदी हळू, दात न दाखवता, विचारलं, "रंगमंचावर मी कुठे बसायचं?"